लिलाबाईंच्या वाट्याची गोळी

दर महिन्याच्या सात तारखेला मी उपकेंद्राचं कुलूप काढायला यायचे, तेव्हा लिलाबाई बिऱ्हाडे पायरीवर बसलेल्या असायच्या. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेलं कार्ड आणि महिनाभरातली गोळ्यांची रिकामी पाकिटं. रिकामी पाकिटं परत आणा असं मीच सगळ्यांना सांगत असे. गोळ्या खरंच संपल्या की घरात पडून राहिल्या, ते त्यावरून कळतं. माझ्या यादीत ब्लड प्रेशरचे एकशे बारा पेशंट होते. पाकिटं न चुकता परत आणणाऱ्या लिलाबाई एकट्याच.

मी मेघा, मूळची भुसावळची. धरणगाव तालुक्यातल्या या गावात समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून येऊन मला तीन वर्षं झाली. पदाचं नाव मोठं आहे. काम म्हणजे दोन खोल्यांचं उपकेंद्र, एक नर्सबाई, सुलक्षणा नावाची आशाताई आणि मी. डॉक्टर नऊ किलोमीटरवरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बसतात. मी प्रेशर मोजायचं, फोनवर आकडे सांगायचे, डॉक्टरांनी गोळी ठरवायची, मी ती द्यायची आणि टॅबवर नोंद करायची.

लिलाबाईंची नोंद एप्रिलमधली. जयंतीच्या पुढच्या आठवड्यात आम्ही गावच्या विहारात शिबिर घेतलं होतं. त्या नवऱ्याला दंडाला धरूनच घेऊन आल्या होत्या. नवरा, म्हणजे भिका आबा, बासष्ट वर्षांचे, गावातले जुने गवंडी. अर्ध्या गावाच्या भिंती त्यांच्या हातच्या. उंच, काटक माणूस, खांद्यावर पंचा. आबांचं प्रेशर एकशे बहात्तर-एकशे चार निघालं. लिलाबाईंचं एकशे अठ्ठावन्न-शहाण्णव.

"आबा, दोन दिवसांनी उपकेंद्रात या. परत मोजू. एवढंच निघालं तर गोळी सुरू करावी लागेल," मी म्हटलं.

आबांनी बाही खाली ओढली. "माले काय व्हयेल नही. डोकं जरा दुखस, ते उन्हानं."

"डोकं रोज दुखतं का?"

आबा खांद्यावरचा पंचा सारखा करू लागले. लिलाबाईंनी मागून हळूच मान हलवली, रोज दुखतं म्हणून.

दोन दिवसांनी लिलाबाई एकट्याच आल्या. त्यांचं प्रेशर पुन्हा तेवढंच निघालं. डॉक्टरांनी प्रेशरची पाच मिलिग्रॅमची गोळी, ॲमलो, लिहून दिली, रोज एक. आबा काही आले नाहीत. सुलक्षणा त्यांच्या गल्लीतलीच. तिनं मला कारण सांगितलं. आबांचे थोरले भाऊ उखर्डू चार वर्षांपूर्वी वारले. चक्कर येते म्हणून त्यांना जळगावला दाखवलं होतं, तिथं गोळी सुरू झाली आणि तिसऱ्या आठवड्यात लकवा मारला. गोळी उशिरा सुरू झाली होती, असं डॉक्टर म्हणाले. आबांच्या मनात मात्र एकच बसलं, गोळी सुरू झाली आणि भाऊ गेला.

मी स्वतः त्यांच्या घरी गेले होते. आबा ओट्यावर ओळंबा साफ करत बसले होते.

"मॅडम, तुमी चांगल्या शेत. पण गोयीनं नाव काढू नका," ते म्हणाले. "एकदाव सुरू व्हयनी का मरापावत सुटत नही. मी पराचीवर चढणारा माणूस. माले आजारी नका करू."

मी पुष्कळ समजावलं. ते ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "चहा ल्या." विषय तिथंच संपला. लिलाबाई दारात उभ्या होत्या. चहाचा कप माझ्या हातात देताना त्यांनी विचारलं, "मॅडम, कोणाच्या नावावर दुसऱ्याला गोळ्या देता येतात का?" माझ्याशी बोलताना त्या जमेल तेवढी शाळेतली मराठी बोलत.

"नाही अक्का," मी म्हटलं. "ज्याचं कार्ड त्यालाच. आणि माणूस समोर येऊन मोजल्याशिवाय तर नाहीच."

"हो, बरोबर आहे," त्या म्हणाल्या.

मी नियमाप्रमाणेच सांगितलं होतं. आजही कुणी विचारलं तर तेच सांगावं लागेल. पण हे त्या का विचारत होत्या, ते मी विचारलं नाही. दुसऱ्या घरी जायचं होतं, मी चहा घाईत संपवला.

मे आणि जूनमध्ये लिलाबाईंचं प्रेशर छान उतरलं. एकशे छत्तीस-शहाऐंशी. मी त्यांना म्हटलं, "अक्का, तुमच्यासारखे सगळे असते तर माझं काम निम्मं झालं असतं." त्या लाजल्या. एवढ्याशा कौतुकानं लाजणारी बाई.

जुलैत एका सकाळी आबांच्या नाकातून रक्त आलं. कामावर निघाले होते, दारातच बसले. ते मला फार उशिरा कळलं. तेव्हा त्यांनी लिलाबाईंना ते कुणालाच सांगू दिलं नव्हतं, सुलक्षणालाही नाही. डोक्यावर ओलं फडकं ठेवून दुपारी ते कामावर गेले.

ऑगस्टच्या सात तारखेला लिलाबाईंचं प्रेशर एकशे चोपन्न निघालं. मी परत मोजलं, तेवढंच.

"अक्का, गोळी घेता ना?"

"गोयी रोज जास, मॅडम," त्या म्हणाल्या आणि रिकामी पाकिटं टेबलावर ठेवली. तीसच्या तीस घरं रिकामी.

"मीठ? पापड, लोणचं?"

"कमी केलंय."

सप्टेंबरमध्ये एकशे बासष्ट. पाकिटं पुन्हा रिकामी. मी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी विचारलं, "घेते का नीट?" मी म्हटलं, "माझ्या यादीतली सगळ्यात नियमित पेशंट आहे, सर." "मग दहाची कर," ते म्हणाले. मी पाचची गोळी बंद करून दहाची दिली. देताना बजावलं, "अक्का, ही जास्त ताकदीची आहे. पायावर सूज आली तर लगेच सांगा. काहींना येते."

"ताकदीची म्हणजे चांगलीच ना?" त्यांनी विचारलं.

"हो, चांगलीच."

पाकीट पिशवीत ठेवताना त्यांचा चेहरा समाधानी दिसला. औषध वाढलं की पेशंट घाबरतात. या बाई वेगळ्या आहेत, असं मला वाटून गेलं.

तिकडे आबांची डोकेदुखी थांबली होती. पारावर चार माणसं बसली की ते सांगायचे, "मी एक गोयी खादी नही. पहा, डोकं दुखनं बंद व्हयनं. शरीर आपलं आपण नीट व्हस. हाई बठ्ठं डॉक्टर लोकेसनं भ्यावाडनं शे." डॉक्टर नुसतं भेडसावतात, हे त्यांचं म्हणणं लोक ऐकत. आबा शहाणा माणूस, कष्टाचा, निर्व्यसनी, जयंतीच्या कमिटीतला. सप्टेंबरअखेर माझ्या यादीतले नऊ जण गोळ्या न्यायला आले नाहीत. सुलक्षणा घरोघर गेली तर त्यातल्या चौघांनी आबांचं नाव सांगितलं. मला त्यांचा राग आला होता, हे कबूल करते.

म्हणून ऑक्टोबरमध्ये मी मशीन घेऊन त्यांच्या घरी गेले. मनात होतं, वाढलेला आकडा त्यांना सगळ्यांसमोर दाखवायचा. सकाळचे आठ वाजले होते. आबा जेवण करून कामावर निघण्याच्या बेतात होते. ताटलीत अर्धी भाकरी आणि लाल चटणी उरली होती. लिलाबाईंनी स्वतः खुर्ची पुढं केली. "मोजू द्या की. एकदाव मोजाले काय जास," त्या नवऱ्याला म्हणाल्या. एरवी त्यांच्याशी मान वर करून न बोलणारी बाई. आबांनी हात पुढं केला.

एकशे बत्तीस-चौऱ्याऐंशी.

मी मशीन बंद करून पुन्हा लावलं. एकशे तीस-चौऱ्याऐंशी. दुसऱ्या हातावर मोजलं. तसंच.

आबा हसले. कुत्सितपणे हसले नाहीत, मोठ्या मनानं हसले. "मंग, मॅडम?"

एप्रिलच्या उन्हात शिबिरात चालत आले होते, तेव्हा वाढलं असेल, असं मी म्हटलं. टॅबवर त्यांच्या नावापुढं 'सामान्य' अशी नोंद केली. मान वर केली तर लिलाबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि त्यांचे डोळे भरले होते. मला वाटलं, नवऱ्याची काळजी मिटली म्हणून. ते खरंच होतं.

"आता तुमचंही मोजू," मी म्हटलं.

त्यांचं एकशे अडुसष्ट-शंभर.

एकाच घरात, एकाच सकाळी, एकाच मशीनवर मी हे दोन आकडे मोजले. एकाखाली एक लिहिले. निघताना आबांच्या पायांकडे माझं लक्ष गेलं. घोटे सुजले होते, चपलेचा पट्टा त्यांनी मोकळा सोडला होता.

"आबा, पाय सुजलेत. कधीपासून?"

"महिना व्हयना. दिनभर उभं ऱ्हावो लागस."

किडनीची तपासणी करून घ्या, लघवी आणि रक्त तपासू, असं मी सांगून आले. लिलाबाईंचे पायही बघितले. त्यांच्या पायावर सूज नव्हती, हाडं दिसत होती. कागदोपत्री दहाची ॲमलो त्या घेत होत्या आणि पाय सुजले होते आबांचे. हे मला दिसलं होतं. मी नर्सिंग शिकले आहे. त्या औषधानं घोटे सुजतात हे मीच दर आठवड्याला कुणाला ना कुणाला सांगते. तरी मला कळलं नाही.

त्याच दिवशी मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "तिला इकडे घेऊन ये. ईसीजी काढू, लघवी बघू आणि मग दुसरी गोळी जोडू." लिलाबाई म्हणाल्या, उद्यापासून वेचणी आहे, कापूस आटोपला की येते. बायांची टोळी होती, त्या सकाळी सातला शेतात जायच्या. मी दोनदा निरोप धाडला. नोव्हेंबरच्या सात तारखेला त्या पायरीवर होत्याच. एकशे चौऱ्याहत्तर-एकशे चार.

"अक्का, आता मी ऐकणार नाही. येत्या गुरुवारी आपण दोघी जाऊ. मी बरोबर येते."

"येते ना, मॅडम. गुरुवारी येते." मग त्या म्हणाल्या, "गोळ्या मात्र आज द्या."

मी दिल्या.

मंगळवारी सकाळी त्या चुलीपाशी पडल्या. हातातलं भांडं आधी पडलं, म्हणून आबा आत धावले. मला सुलक्षणाचा फोन आला तेव्हा मी उपकेंद्राच्या वाटेवरच होते. पोहोचले तर त्या जमिनीवर कुशीवर होत्या, उजवा हात लुळा, तोंड वाकडं, डोळे उघडे. प्रेशर दोनशे चौदा-एकशे अठ्ठावीस. आबांनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि ते सारखं एकच म्हणत होते, "गोया ते खाई ऱ्हायंती. नेमानं खाई ऱ्हायंती."

एकशे आठची गाडी वीस मिनिटांत आली. धरणगावात डॉक्टरांनी बघून लगेच पुढं पाठवलं. जळगावच्या सरकारी रुग्णालयात स्कॅन झालं. मेंदूत रक्तस्राव होता. मी दुपारपर्यंत तिथं थांबले. संध्याकाळी त्यांची मुलगी सविता धुळ्याहून आली. ती तिकडे शिवणक्लास घेते, तिचा नवरा तिथंच एका शाळेत शिपाई आहे. ती आईच्या खाटेजवळ बसली, ते मग उठलीच नाही. आबा वॉर्डाबाहेर जिन्याशेजारी पंचा अंथरून बसले.

मी गावी परतले. सगळं नियमाप्रमाणे केलं होतं, याचा मला आधार वाटत होता. दर महिन्याला प्रेशर मोजलं, गोळ्या मोजल्या, वाढलं तसं डॉक्टरांना कळवलं, डोस वाढवला. डॉक्टरही म्हणाले, "काही केसेस अशाच असतात, मेघा. मनाला लावून घेऊ नकोस."

शनिवारी सकाळी नऊच्या सुमारास सविताचा फोन आला.

"मॅडम, आई थोडं थोडं बोलतेय. नीट कळत नाही. कालपासून एकच म्हणतेय. तुम्हाला काही समजतं का बघा."

"काय म्हणतायत?"

"त्यासनी गोयी ऱ्हाई गयी, त्यासनी गोयी ऱ्हाई गयी, असं. बाबांची गोळी राहिली म्हणते. बाबा तर कुठलीच गोळी घेत नाहीत. मी तसं सांगितलं तर ती रडायला लागली. मग चटणी, चटणी म्हणाली. भूक लागली असेल म्हणून सिस्टरना विचारलं, तर तोंडानं काही द्यायचं नाही म्हणतात."

मी उपकेंद्रात उभी होते. समोर रांगेत तीन बाया बसल्या होत्या. मी खुर्चीवर बसले. मला आबांचे पाय दिसले. एकशे बत्तीस-चौऱ्याऐंशी दिसलं. भिंतीला टेकून उभी असलेली ती बाई दिसली.

"मॅडम?" सविता म्हणाली. "समजलं का काही?"

"मी येते," मी म्हटलं. "आईंना सांगा, मेघा मॅडम त्यांची गोळी घेऊन येतेय. एवढंच सांगा."

रांगेतल्या बायांचं काम नर्सबाईंवर सोपवून मी निघाले. जळगावच्या बसमध्ये पूर्ण वेळ माझ्या मनात हिशोब चालू होता. जुलैपासून नोव्हेंबर. रोज एक. सुरुवातीला पाचची, मग दहाची. मी डोस वाढवला तो एका माणसाचा आणि खाल्ला दुसऱ्यानं. आणि जिच्यासाठी वाढवला, त्या बाईच्या पोटात चार महिने काहीच गेलं नव्हतं.

आबा जिन्याजवळच होते. मी काही न बोलता मशीन काढलं आणि त्यांच्या दंडाला पट्टा बांधला. त्यांनी विरोध केला नाही. एकशे सहासष्ट-एकशे दोन. मग मी त्यांचे घोटे पाहिले. सूज उतरली होती.

"आबा," मी म्हटलं, "अक्का सकाळी तुमच्या जेवणात काही टाकायच्या का?"

त्यांना प्रश्नच समजला नाही.

मी त्यांना सांगितलं. कसं सांगावं ते कळत नव्हतं, म्हणून सरळ सांगितलं. त्यांच्या वाट्याची गोळी त्या रोज कुटून तुमच्या चटणीत घालत होत्या. तुमचं डोकं त्यानं थांबलं. पाय त्यानं सुजले. त्यांनी स्वतः घेतली नाही.

जिन्यावरून माणसं वर-खाली जात होती. एकानं वाट द्या म्हटलं तर त्यांनी पाय जवळ घेतले.

"कितला दिनपासून?" त्यांनी विचारलं.

"जुलैपासून असावं."

"नाकमाईन रगत उनं, त्या दिनपासून," ते स्वतःशीच म्हणाले. मग म्हणाले, "चटणी कडू लागे. मी तिले बोलनू व्हतू. तेल खराब शे का, म्हणीसन. बठ्ठा लोकेसना समोर बोलनू व्हतू. तिनी काही सांगं नही."

त्यांनी पंचा तोंडावर घेतला. रडल्याचा आवाज आला नाही. खांदे तेवढे हलत होते.

मी आत गेले. लिलाबाईंचे डोळे अर्धे मिटलेले होते. मी त्यांच्या डाव्या कानाजवळ वाकून म्हटलं, "अक्का, आबांना गोळी दिली. मी स्वतः दिली. आता रोज मी देणार."

त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. डाव्या हाताची बोटं माझ्या मनगटावर आली. आणि मी खोटं बोलले होते, कारण आबांनी तोवर गोळी घेतलेली नव्हती. बाहेर येऊन मी त्यांच्यासमोर पाकीट धरलं तेव्हा ते म्हणाले, "ती तिनी गोयी शे. तिले द्या."

"त्यांना आता या गोळीचा उपयोग नाही, आबा."

"मंग माले बी नको."

नवव्या दिवशी छातीत कफ भरला आणि सकाळी दहाच्या सुमारास लिलाबाई गेल्या. सविता आणि आबा दोघं जवळ होते. त्यांना त्याच दिवशी गावी आणलं.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम विहारात झाला. पांढऱ्या कपड्यांतली माणसं दाटीवाटीनं बसली होती. वंदना झाली. दोघंतिघं लिलाबाईंबद्दल बोलले, त्या किती शांत होत्या, किती कष्टाच्या होत्या. मग कुणी न सांगता आबा उठले. ते अहिराणीतच बोलले, पण सावकाश, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखे.

ते म्हणाले, मी पारावर बसून तुम्हाला सांगायचो की गोळी न खाता मी बरा झालो. ते खोटं होतं. मला माहीत नव्हतं, पण खोटंच होतं. माझ्या बायकोनं तिच्या तोंडची गोळी काढून मला खाऊ घातली. मी नाही म्हटलं म्हणून तिला तसं करावं लागलं. मी उपकेंद्राची पायरी चढलो असतो तर दोघांना दोन गोळ्या मिळाल्या असत्या. माझं ऐकून ज्यांनी गोळ्या सोडल्या, त्यांनी उद्या जाऊन परत घ्याव्यात. एवढं बोलून ते बसले.

दुसऱ्या दिवशी सात जण आले. त्यानंतरच्या आठवड्यात आणखी काही. मी प्रत्येकाचं प्रेशर मोजलं. खरं सांगते, मला आनंद वाटला नाही. गोळ्या देताना आता मी 'गोळी घेता का' असं विचारत नाही. माझ्यासमोर एक घ्या, पाणी मी देते, असं म्हणते. आणि घरात आणखी कुणाची काळजी आहे का, ते विचारते. या प्रश्नाला बाया किती बोलतात, ते मला आधी ठाऊक नव्हतं. कुणाची सासू, कुणाचा दीर, कुणाचा पुण्याला असलेला मुलगा. एका बाईनं मला सांगितलं की ती तिची साखरेची गोळी अर्धी करून बहिणीला देते. मी तिच्या बहिणीच्या घरी त्याच दिवशी गेले.

मृत्यूचा अहवाल मलाच भरायचा होता. त्यात एक रकाना असतो, औषधोपचार नियमित होता का. मी आधी 'होय' लिहिलं होतं, कारण पाकिटं तसं सांगत होती. ते खोडून 'नाही' लिहिलं, तर 'कारण' नावाचा पुढचा रकाना भरणं आलं. त्यात चार पर्याय होते, विसर पडणे, दुष्परिणाम, औषध उपलब्ध नसणे, रुग्णाची अनिच्छा. लिलाबाईंचं यातलं काहीच नव्हतं. मी कडेला स्वतःच 'इतर' लिहून खाली सगळी हकिकत लिहिली. डॉक्टरांनी वाचली. म्हणाले, "तू स्वतःवर कशाला ओढवून घेतेस? सूज दिसली होती हे लिहायची गरज नाही." मी म्हटलं, "दिसली होती, सर." त्यांनी सही केली.

आबांच्या नावाचं कार्ड मी केलं, पण ते गोळी घ्यायला तयार नव्हते. मी रोज सकाळी जायचे. ते ओट्यावर बसून असायचे, काम सोडलं होतं. प्रेशर मोजू द्यायचे, एकशे सत्तर, एकशे पंच्याहत्तर. गोळी पुढं केली की हात मागं घ्यायचे. अकरा दिवस असे गेले. बाराव्या दिवशी सविता म्हणाली, "मॅडम, मी त्यांना धुळ्याला नेते. इथं ती चूल समोर दिसते त्यांना."

निघायच्या सकाळी ते दोघं उपकेंद्रात आले. भिका आबा पहिल्यांदाच आत आले. मी कार्ड आणि धुळ्याच्या शहरी आरोग्य केंद्रासाठी चिठ्ठी तयार ठेवली होती. सविता म्हणाली, "बाबा, आता एक इथं घ्या. माझ्यासमोर."

"सविता, जोर नको," मी म्हटलं.

"जोर नाही, मॅडम," ती म्हणाली. "बाबा, आईला शेवटी नीट बोलता येत नव्हतं. तिला माझं नाव घेता आलं नाही. माझ्या मुलांचं घेता आलं नाही. जेवढं बोलता आलं त्यात ती फक्त तुमची गोळी म्हणाली. मी आठ दिवस तिच्याजवळ बसले होते, मला तेवढंच ऐकायला मिळालं. आता तुम्ही ती घेत नसाल तर मी काय करू, तेवढं सांगा."

आबांनी तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे हात पुढं केला. गवंड्याचा हात, चुन्यानं आणि सिमेंटनं भेगाळलेला. मी त्यावर गोळी ठेवली. ती इतकी लहान दिसत होती की त्यांना ती चिमटीत धरता येईना. शेवटी त्यांनी तळहातच तोंडाला लावला आणि पाणी प्यायलं.

सुलक्षणानं त्यांना बसपर्यंत पोहोचवलं. मी गेले नाही. रांग होती.

मध्ये दोन-अडीच महिने गेले. सविता कधी कधी मेसेज करायची, बाबा बरे आहेत, जेवण कमी आहे, रात्री झोप नाही. फेब्रुवारीत एका दुपारी आबांचा स्वतःचा फोन आला.

"मॅडम, भिका बोली ऱ्हायनू. धुयाथीन."

"बोला आबा."

"आज मोजं. एकशे चाळीस निंघनं. खालनं नव्वद."

"छान आहे. गोळी चालू आहे?"

"घेस." मागून शिलाई मशीनचा आवाज येत होता. "शेजारला एक भित बांधी ऱ्हायनात. पोऱ्हे कच्चा शेतस, ओयंबा धरता येत नही. मी खाले बठीसन सांगस. वर नही चढत."

"नकाच चढू."

"नही," ते म्हणाले. मग म्हणाले, "तिले बी इतलंच निंघतं का, मॅडम? गोयी चालू ऱ्हायती तर?"

मी खोटं बोलू शकले असते. फोनवर सोपं असतं. पण रुग्णालयात त्यांच्या बायकोशी मी एकदा खोटं बोलले होते.

"त्यांचं अजून चांगलं होतं, आबा. मे-जूनमध्ये एकशे छत्तीस होतं."

"एकशे छत्तीस," ते म्हणाले. शिलाई मशीन थांबलं, पुन्हा सुरू झालं. "बरं. जयभीम, मॅडम."

"जयभीम, आबा."

त्यांनी फोन ठेवला. त्यांची नोंद आता धुळ्याच्या केंद्राकडे आहे, मला ती भरायची नव्हती. तरी मी वहीत तारीख घातली, त्यांचं नाव लिहिलं आणि पुढं एकशे चाळीस-नव्वद असं लिहिलं. मग पुढच्या बाईला आत बोलावलं.